“ते पुस्तक आहे का?” देवघेव विभागात नव्याने बसणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट लागला आणि आमच्या वाचनालयात दुसऱ्याच दिवसापासून एक प्रश्न सुरू झाला, “छावा आहे का?” शिवाजी सावंतांची ही कादंबरी चाळीस वर्षांहून जुनी. आमच्याकडे तिच्या दोन प्रती, त्यातल्या एकीची शिवण उसवलेली. नंबर लावायच्या वहीचं पान चार दिवसांत भरलं. लोक यायचे, नाव लिहायचे आणि रिकाम्या हाताने परत जायचे. पाठीमागच्या कपाटात मराठेशाहीवरची दोन फळ्या भरून पुस्तकं होती. ती कुणी मागितली नाहीत आणि आम्हीही काढून दिली नाहीत.

ती रिकाम्या हाताने गेलेली माणसं माझ्या मनातून जात नाहीत. काही जण नंतर फिरकलेच नाहीत. म्हणून हे लिहिते आहे. तालुक्याच्या किंवा मोठ्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात तुम्ही नुकतेच देवघेवीच्या टेबलाशी बसू लागला असाल, तर हे तुमच्यासाठी. इतक्या वर्षांत मला एवढंच नक्की कळलंय, की वाचक नाव एका पुस्तकाचं घेतो, पण त्याला जे हवं असतं ते त्या नावाच्या मागे असतं. ते काय आहे हे काढून घ्यायचं आणि मग पुस्तक नुसतं सुचवायचं नाही, त्याच्या हातात द्यायचं.

आधी आपली कपाटं ओळखा

पहिले पंधरा दिवस वाचकांना काही सुचवायच्या भानगडीत पडू नका. कपाटांशी ओळख करून घ्या. कादंबऱ्यांच्या फळीवरून एखादं जुनं पुस्तक काढा आणि शेवटचं पान उघडा. तिथे चिकटवलेली तारीखपट्टी असते. काही पुस्तकांवर पट्टीवर पट्टी चिकटवलेली दिसेल, शिक्क्यांची शाई एकमेकांत मिसळलेली. आणि काहींवर एकच पट्टी, तिच्यावर तीन शिक्के, शेवटचा २००९ चा. पुठ्ठा कोरा करकरीत, पानांच्या कडा मात्र पिवळ्या. ही न फिरलेली पुस्तकं तुमचं खरं भांडवल आहेत. संगणकावर देवघेव होत असेल तर त्यांची यादी सहज निघते, पण यादीवर भागवू नका. पुस्तक हातात घेतल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही, टाइप बारीक आहे का हे कळत नाही. सत्तरीच्या वाचकाला या दोन गोष्टी कथानकाइतक्याच महत्त्वाच्या असतात.

आठवड्याला अशी दहा पुस्तकं काढा. सगळी पूर्ण वाचायची नाहीत, तेवढा वेळ कुणालाच नसतो. मलपृष्ठ, प्रस्तावना, पहिली वीस पानं आणि मध्यावरची दोन-चार पानं एवढं पुरे. मग दोनशे पानी वहीत चार ओळी लिहा. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते:

“बनगरवाडी. व्यंकटेश माडगूळकर. माणदेशातली धनगरांची वाडी, कोवळा मास्तर शाळा चालवायला येतो. लहान पुस्तक, दोन बैठकांत होतं. शांत आहे, घाई नाही. शेवटी दुष्काळ. निवृत्त शिक्षकांना हमखास. रहस्य मागणाऱ्याला नको.”

शेवटचं वाक्य विसरू नका. पुस्तक कुणाला द्यायचं यापेक्षा कुणाला द्यायचं नाही, हे टिपून ठेवलेलं ऐन वेळी जास्त उपयोगी पडतं.

आणखी एक गोष्ट कपाटांपाशी उभं राहिल्यावरच लक्षात येते. ड्यूई पद्धतीने, म्हणजे विषयाला आकडे देऊन, लावलेल्या वाचनालयात मराठी कादंबरी ८९१.४६३ ला असते, प्रवासाची पुस्तकं ९१० च्या आसपास आणि चरित्रं ९२० ला. लहान वाचनालयांत आकडे नसले तरी कादंबरी, कथा, चरित्र अशी कपाटं वेगळी असतातच. कादंबरी वाचणारा माणूस आपल्या ठरलेल्या कपाटाशी येतो आणि तिथूनच मागे वळतो. त्यामुळे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ त्याला कधी दिसतच नाहीत, कारण ती चरित्रांच्या कपाटात आहेत. गोष्टीवर जीव असलेल्या वाचकाला त्याहून जिवंत गोष्ट मराठीत क्वचित मिळेल. वाचकाला एका कपाटापासून दुसऱ्या कपाटापर्यंत चालवत न्यायचं काम तुमचं आहे.

खंडांच्या पुस्तकांचे सगळे खंड जागेवर आहेत ना, तेही याच फेरीत बघून घ्या. ‘तुंबाडचे खोत’ दोन खंडांत आहे. पहिला खंड परत आलेला नसताना दुसरा कुणाला देऊ नका.

मग विचारायला शिका

“तुम्हाला कुठल्या प्रकारची पुस्तकं आवडतात?” हा प्रश्न टाळा. त्याला उत्तर येतं, “काहीही चालेल,” आणि बोलणं तिथेच संपतं. माणसाला प्रकार सांगता येत नाही, आठवण सांगता येते. माझे दोन प्रश्न ठरलेले आहेत. आजवर कुठलं पुस्तक संपूच नये असं वाटलं? आणि अलीकडे कुठलं अर्ध्यावर सोडलंत? दुसरा प्रश्न जरा दबकत विचारावा लागतो, कारण पुस्तक अर्धं सोडणं लोकांना अपराधासारखं वाटतं. “मीही सोडते,” असं म्हटलं की माणूस मोकळा होतो.

गेल्या वर्षीचं एक बोलणं सांगते.

“काकू, कुठलं हवं होतं?”

“ते हो, सगळ्या वाचतायत ते. नाव विसरले बघ. मोबाइलवर आलं होतं.”

“शोधते मी. तोवर सांगा, असं कुठलं पुस्तक होतं की ते संपूच नये असं वाटलं?”

“असं काही नाही गं... हां, मृत्युंजय. कॉलेजात असताना. दोनदा वाचलं.”

“त्यात काय आवडलं तुम्हाला? कर्ण, का एकूण महाभारत?”

“कर्ण. म्हणजे, त्याच्याकडे जो तो आपापल्या परीने बघतो ना, ते.”

इथे थांबा, कारण काकूंनी सगळं सांगून टाकलंय. ‘मृत्युंजय’ म्हटल्यावर हात आपोआप रणजित देसाईंच्या ‘राधेय’कडे जातो, कारण तीही कर्णावरची कादंबरी. पण काकूंना भावलं होतं ते एकाच माणसाकडे अनेकांनी बघणं. सावंतांनी ती कादंबरी वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडून सांगितली आहे, ते त्यांच्या मनात राहिलं होतं. म्हणून मी इरावती कर्व्यांचं ‘युगांत’ काढलं. कादंबरी नाही ती, पण एकेका प्रकरणात महाभारतातला एकेक माणूस घेऊन त्याच्याकडे नीट, न घाबरता पाहिलेलं आहे. १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं पुस्तक, आणि आमच्या प्रतीवर सात वर्षांत एकही शिक्का नव्हता. सोबत भैरप्पांच्या ‘पर्व’ या महाभारतावरच्या कन्नड कादंबरीचा उमा कुलकर्णींनी केलेला अनुवादही काढला, पण तो जाड आहे हे आधीच सांगितलं. काकूंनी ‘युगांत’ नेलं. तीन आठवड्यांनी ‘पर्व’ मागायला स्वतः आल्या.

त्या नाव विसरलेल्या पुस्तकाचंही पुढे नाव निघालं आणि काकूंचा नंबर लावला. ते विसरायचं नाही. मागितलेलं पुस्तक हा वाचकाचा हक्क आहे, आपण देतो ते त्याच्या जोडीला.

एकाच मागणीची चार दारं

अमेरिकेत सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी एक सोपी गोष्ट सांगून ठेवली आहे. माणूस पुस्तकात चार दारांनी शिरतो: गोष्ट, माणसं, स्थळकाळ आणि भाषा. प्रत्येकाचं एक दार मोठं असतं. मला हे फार उपयोगी पडलं, आणि ‘छावा’च्या वेळी माहीत असून मी ते वापरलं नाही याची खंत आहे. आज ती रांग पुन्हा लागली तर काय करीन ते सांगते.

“छावा हवंय” म्हणणाऱ्याला विचारीन, चित्रपट पाहिलात का, त्यातलं काय मनात राहिलं? “लढाया” म्हणाला तर त्याचं दार गोष्टीचं. त्याला विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ किंवा ना. सं. इनामदारांची यशवंतराव होळकरांवरची ‘झुंज’. “संभाजीमहाराज खरे कसे होते ते समजून घ्यायचंय” म्हणाला तर त्याला कादंबरी नकोच आहे. वा. सी. बेंद्रे यांनी लिहिलेलं संभाजीमहाराजांचं चरित्र किंवा कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ द्या. दोन्ही अभ्यासाचे ग्रंथ आहेत, तळटीपांसकट, हे देताना सांगा. एखादा म्हणेल, “औरंगजेब असा का वागला असेल?” त्याला माणसांत रस आहे. इनामदारांनी औरंगजेबावर ‘शहेनशहा’ लिहिली आहे. आणि ज्याला सावंतांची भारदस्त, नाद असलेली भाषा हवी आहे, त्याला सावंतांचंच ‘युगंधर’ द्यावं, उगाच फिरवू नये.

राहिलं स्थळकाळाचं दार. “त्या काळात गेल्यासारखं वाटलं” असं म्हणणारा वाचक माझा सर्वांत लाडका. त्याला विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ द्या. काळ वेगळा आहे, १८५७ चा, पण पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेला, बंडात सापडला आणि झाशीच्या वेढ्यात राणीच्या आसऱ्याला राहिला. डोळ्यांनी पाहिलेलं त्याने लिहून ठेवलं. हे १९०७ साली छापलं गेलं. पहिली काही पानं जुन्या मराठीमुळे अडखळतात. “पंधरा पानं धीर धरा,” एवढं सांगून दिलं की पुढे ते पुस्तक स्वतःच वाचकाला ओढून नेतं.

हीच चार दारं कुठल्याही मागणीला लावून बघा. दार ओळखता येईपर्यंत पुस्तकाचं नाव तोंडातून काढू नका.

नाव सांगू नका, पुस्तक द्या

“अमुक वाचा, छान आहे” असं नुसतं तोंडी सांगितलेलं दाराबाहेर पडेपर्यंत विसरलं जातं. खुर्चीतून उठा, कपाटापर्यंत जा आणि तीन पुस्तकं आणून टेबलावर ठेवा. एकच दिलं तर आग्रह वाटतो, सहा दिली तर माणूस गोंधळतो. तीन ठेवली की तो चाळतो. त्या वेळी गप्प राहा. पुस्तक चाळणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत बसू नका, शिक्के मारा, कार्डं लावा.

प्रत्येक पुस्तकाबद्दल एक वाक्य बोला, आणि ते पुस्तकात काय आहे याचं असू दे, किती थोर आहे याचं नको. “वानरांच्या टोळ्यांची सत्तेसाठीची लढाई आहे” म्हटलं की ‘सत्तांतर’ उचललं जातं. “मराठीतली महत्त्वाची कादंबरी” म्हटलं की तीच परत फळीवर जाते. “हे वाचायलाच हवं” तर कधीच म्हणू नका. वाचनालयात येणारा माणूस दिवसभर “हे करायलाच हवं” ऐकून आलेला असतो.

आणि कुणाच्या आवडीला नाक मुरडू नका. रहस्यकथांवर वाढलेला वाचक तुम्ही एकदा भुवया उंचावल्या की पुन्हा तुम्हाला काही विचारणार नाही. नारायण धारपांची भीती आवडणाऱ्याला जी. ए. कुलकर्णींची ‘काजळमाया’ एक दिवस आवडू शकते, पण तो दिवस त्याचा त्याला येऊ द्या.

परत आलेल्या गठ्ठ्याचा उपयोग

कुठल्याही वाचनालयात जा, वाचक कपाटाआधी टेबलावरचा परत आलेला गठ्ठा चाळतो. कुणीतरी नुकतंच वाचलंय म्हणजे बरं असणार, असा त्यामागचा भरवसा. मी रोज सकाळी त्या गठ्ठ्यात न फिरलेली तीन पुस्तकं मिसळून ठेवते. त्यात फसवणूक नाही, ती पुस्तकं मी वाचलेली असतात. या एका सवयीने आमच्याकडची जितकी पुस्तकं हलली, तितकी प्रदर्शनांनीही हलली नाहीत.

छोटा टेबल मांडता आला तर मांडा, पण त्यावर ‘दुर्लक्षित पुस्तके’ अशी पाटी लावू नका. जे कुणाला नको ते मला का, असं वाटणारच. पाटी अशी लिहा: “मृत्युंजय आवडलं असेल तर”, “श्यामची आई वाचून डोळे भरले असतील तर”. पुस्तकं आडवी रचू नका, मुखपृष्ठ समोर करून उभी करा. दहा पुरेत. एखादं गेलं की जागा तशीच ठेवू नका, लगेच दुसरं उभं करा.

जे स्वतः येत नाहीत

आपल्या निम्म्या वाचक घरी बसलेल्या असतात. मुलगा येतो, हेल्मेट हातात, “आईसाठी काहीतरी द्या.” त्याला प्रश्न विचारून उपयोग नाही, त्याला माहीत नसतं. पुस्तकात एक चिठ्ठी घालून द्या: पूर्ण वाचलं, अर्धं सोडलं, आवडलं, टाइप बारीक होता. आई खुणा करून पाठवते. दोन-तीन चिठ्ठ्यांत त्या न पाहिलेल्या बाईंची आवड कळायला लागते. काही जणी चिठ्ठीच्या पाठीमागे लिहायला लागतात. तशा चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत.

अभ्यासिकेतली मुलंही अशीच, वाचनालयात दिवसभर असून वाचक नसलेली. त्यांना कादंबरी देऊ नका, वेळेची धास्ती असते. ‘माणदेशी माणसं’मधलं एखादं व्यक्तिचित्र चहाच्या सुट्टीत वाचून होतं. पुस्तक अभ्यासिकेच्या दाराशी ठेवा, नोंद नंतर करता येते.

माझ्या हातून झालेली चूक

एक आजी नेहमी यायच्या. मध्ये दोन महिने आल्या नाहीत, मग आल्या आणि म्हणाल्या, “चांगलंसं काहीतरी दे.” मी उत्साहात उद्धव शेळक्यांची ‘धग’ दिली. फार मोठी कादंबरी, वऱ्हाडी बोलीतली, कौतिक नावाच्या बाईच्या हालांची. दुसऱ्या दिवशी आजींनी ती आणून ठेवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, “बाळा, आमचे हे गेले गं. मला हे आत्ता नाही सोसत.” मी दोन महिन्यांची गैरहजेरी पाहिली होती आणि विचारलं नव्हतं.

तेव्हापासून पुस्तक काढण्याआधी “कशा आहात?” हे खरोखर विचारते आणि उत्तर ऐकते. “चांगलंसं” या शब्दाचा अर्थ दर वेळी वेगळा असतो. कधी हलकंफुलकं, कधी छोटं, कधी रडू येईल असं, कधी मुळीच रडू येणार नाही असं. त्या आजींना मग मारुती चितमपल्लींची रानावरची पुस्तकं दिली. पक्षी आणि झाडं. ती त्यांनी एकामागून एक वाचली.

पुस्तकं शोधायची कुठे

आपल्यालाही कुठून तरी नावं मिळवावी लागतात. साहित्य अकादमीचे मराठी पुरस्कार १९५५ पासून आहेत. ती यादी छापून घ्या आणि आपल्याकडे असलेल्या पुस्तकांवर खूण करा. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’, राजन गवसांची ‘तणकट’ अशी आजच्या गावाची पुस्तकं तुमच्याच फळीवर उभी असतील. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीच प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. ज्याला मोबाइलवर अक्षर मोठं करून वाचायचंय त्याला ती डाउनलोड करून द्या.

पण माझा सर्वांत विश्वासाचा मार्ग दिवाळी अंकांचा. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही आपली रीत, आणि दिवाळीनंतर दोन-तीन महिने आपले सभासद अंकांशिवाय दुसरं काही नेत नाहीत. तक्रार करू नका. अंक परत आला की विचारा, “यातली कुठली कथा आवडली?” वाचक पान उघडून दाखवतो. त्या लेखकाचं नाव आपल्या नोंदीत शोधा. बऱ्याचदा त्याचा संग्रह कपाटात असतो आणि वाचकाला त्याचा पत्ता नसतो. अंकातल्या एका कथेवरून आख्खा लेखक वाचणारे सभासद मी पाहिले आहेत.

खरेदीच्या वेळी मागणी वही पुढे करा. गाजणाऱ्या पुस्तकाच्या पाच प्रती घेण्याचा आग्रह होईल. दोन घ्या. लाट सहा महिन्यांत ओसरते, उरलेल्या पैशांत तीन वेगळी पुस्तकं येतात.

परत आल्यावर

पुस्तक परत घेताना शिक्का मारण्याआधी मान वर करा आणि विचारा, “कसं वाटलं?” वाचक “नाही आवडलं” म्हणाला तर आनंदाने वहीत लिहा. त्याला काय नको हे कळलं, पुढचं पुस्तक त्याच्या जवळ जाईल. जे कंटाळत कंटाळत संपवतात त्यांना नॅन्सी पर्ल यांचाच आणखी एक नियम सांगते. पन्नास पानं वाचून बघा, नाही जमलं तर सोडा. आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं द्या. सत्तरीच्या वाचकाला तीस. आमच्याकडचे एक निवृत्त मास्तर आता पुस्तक आणून ठेवताना म्हणतात, “माझी सव्वीस पानं झाली, दुसरं दे.”

हे सगळं त्या दोनशे पानी वहीत, वाचकाच्या सभासद क्रमांकासमोर. सभासदाने काय वाचलं, काय सोसलं नाही, ही त्याची खाजगी गोष्ट आहे, तेव्हा ते पान दुसऱ्या सभासदाला दिसता कामा नये. पण वही घरी नेऊ नका. देवघेवीच्या टेबलाच्या वरच्या खणात ठेवा आणि सोबत बसणाऱ्याला दाखवून ठेवा. तुम्ही रजेवर असाल नेमक्या त्याच दिवशी काकू ‘पर्व’ परत करायला येतात.